लाल शाईनं खोडलेली बॅटरी

शेळगाव, ता. इंदापूर
३ फेब्रुवारी २०२५

दत्तूदादास चंद्राचा नमस्कार.

दादा, तुझे कान गेल्यापास्नं तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हंजी निम्म्या गावाला ऐकवायचं. म्हणून लिहितेय. आमच्या भावकीतल्या युवराजची पिकअप पेरू घेऊन रोज बारामतीच्या मार्केटला जाती. कन्हेरीत तुझ्या दारात क्रेट उतरवून पुढं जा म्हणून सांगितलंय त्याला. पेरू खा, पण आधी वरची कागदाची पिशवी काढ.

घरावर सोलर बसवायचं मनात हाय. तिघांकडनं कोटेशन घेतलं. एक बारामतीच्या मोना मॅडमचं, एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांचं ऑफिस हाय. दुसरं इंदापूरच्या विजयसिंहचं, त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान हाय. तिसरं सूरज म्हणून एक तरुण गडी हाय, स्वतःच फिटिंग करतो, त्याचं. दोन तास घरात फिरला, आतल्या खोलीपास्नं वायर मोजली, चहासुद्धा घेतला न्हाय. मला त्यातलं आकड्याबिगर काही कळत न्हाय, अन् आकडे तीन कागदांवर तीन तऱ्हेचे. तुझी चौतीस वर्षं विजेच्या खांबावर गेली. तुझा लाल पेन घे अन् बघ कोण खरं, कोण लबाड.

तुझे दाजी म्हणतात, दत्तोबा बोट ठेवंल त्या कागदावर सही. ते बरे हायत. थंडीचा खोकला हाय तेवढा.

तुझी
चंद्रा


शेळगाव
३ फेब्रुवारी, त्याच क्रेटात

सरूवैनी,

ही चिठ्ठी सगळ्यात खालच्या पेरूच्या जाळीत घातलीय. वाचून चुलीत टाका. दादाच्या नजरंला पडता कामा न्हाय.

वैनी, ह्यांना थंडीचा खोकला न्हाय. फुफ्फुसं आवळत चाललीत. दसऱ्यापास्नं घरात ऑक्सिजनचं मशीन हाय, आमच्या प्रगतीनं पुण्यास्नं आणून दिलं. दिवसरात्र नाकात नळी. जेवणाआंघोळीपुरती काढायची, बास. अन् मशीन चालतंय लाईटीवर. लाईट गेली की ते बंद. छोटा सिलिंडर हाय तो तासभर पुरतो, भरायला इंदापूर गाठावं लागतं. मागच्या मंगळवारी सिलिंडर रिकामा व्हता, पाऊण तास लाईट न्हवती. ह्यांचे ओठ निळे पडले. मी पदरानं वारा घालत बसले. वाऱ्यानं काय व्हतंय वैनी? पण हात थांबंना.

सोलर त्याच्यासाठी हाय. बिल वाचवायला न्हाय.

तुमी म्हणाल दादाला सांगा की सरळ. ह्यांनी मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीय. निमगावच्या यात्रेतली कबड्डी तुमाला ठाऊकच हाय, दोघं एका संघात. समोरच्या संघाची पाटी रिकामी करून हा गडी दम न तोडता माघारी यायचा, अन् दादा रेषेवर नाचायचा. त्याच्यावरच तर दादानं माझी सोयरीक आणली. आता त्याच दादापुढं नळी लावून बसायचं म्हंजी मेल्याहून मेलं, असं म्हणतात. गडीमाणसाचा ताठा. मी किती रडले, ऐकत न्हाईत. फोन करावा तर दोन खोल्यांचं घर, खाटेवरनं समदं ऐकू जातंय.

तिघांतल्या त्या सूरजनं तेवढं मशीन बघितलं. आतल्या खोलीपास्नं वायर मोजायची म्हणून आला अन् दिसलंच त्याला. त्यालाबी मी शपथ घातली, कुणाला बोलायचं न्हाय. तुमी दादाला आडून आडून एवढंच विचारा. दिवसा लाईट गेली, पण ऊन हाय, तर सोलर चालंल का? आमच्याकडं लाईट जाती ती जास्त करून दिवसाच.

चंद्रा


कन्हेरी, ता. बारामती
७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चंद्रास आशीर्वाद.

कागद पोचले. पेरू गोड निघाले. कागद न्हाय.

पहिली ती मोना मॅडम. हिचा आकडा सगळ्यात कमी दिसतोय ना? दिसणारच. सरकारची सबसिडी हिनं आधीच वजा करून टाकलीय! अगं, ती तुझ्या खात्यात यायची हाय अजून, समदं बसून झाल्यावर. तवर पूर्ण रक्कम भरायची कुणी? तू. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलंय, जीएसटी वेगळा, मीटरचा खर्च वेगळा. भिंग लावून वाचलं मी. अन् पॅनेल कुठलं, तर 'नामांकित कंपनीचे'. नाव लिहिलेलं न्हाय, अन् म्हणे नामांकित! ही बाई गोड बोलत असणार. तिचा कागद बाद.

दुसरा विजयसिंह. ह्याच्यावरबी माझा इश्वास न्हाय, पण ह्यानं लिहिलंय तरी. पॅनेलचं नाव, वॅट किती, इन्व्हर्टर कुणाचा, हमी किती वर्षं. सबसिडी खाली वेगळी दाखवलीय. तीन अर्थिंग पाहिजेत तिथं एकच धरलंय अन् वायर तांब्याची का ॲल्युमिनियमची ते गिळून टाकलंय. ते मी लाल शाईनं लिहिलंय. तेवढं कागदावर घे, तोंडी न्हाय.

आता तिसरा, तुझा सूरज. ह्याचा आकडा विजयसिंहच्या दुपटीला टेकलाय! का, तर बॅटरी, अन् बॅटरीवर चालणारा वेगळा इन्व्हर्टर. अगं, नेट मीटर बसलं की दिवसाची जास्तीची वीज लाईनीत जाती अन् रात्री तीच आपल्याला माघारी मिळती. लाईन हीच आपली बॅटरी, फुकटातली. मग ही दुसरी कशाला? तर हा लिहितो, 'घरातली गरज पाहून'. कसली गरज? ते लिहायला ह्याची शाई संपली काय? तू म्हणतीस दोन तास घरात फिरला, वायर मोजली, चहासुद्धा घेतला न्हाय. जो गडी चहाला नको म्हणतो, त्याला पुढं लई मोठं काहीतरी घ्यायचं असतंय. हितं पाणी मुरतंय. बॅटरीवर मी काट मारलीय, दोनदा.

मागच्या वर्षभराची लाईटबिलं पाठव. युनिट बघितल्याबिगर किती किलोवॅट लागतंय ते सांगणारा माणूस लबाड, मग तो मी असलो तरी.

दाजींना म्हणावं, खोकल्याला आलं चावा. एवढा दमाचा गडी अन् खोकल्यापुढं बसतोय व्हय?

दत्तोबा


कन्हेरी
१० फेब्रुवारी

वन्सं,

चिठ्ठी वाचली. भाकरी थापता थापता रडले, ह्यांना म्हणलं धूर गेला डोळ्यांत. ग्यासवर कसला आलाय धूर, पण त्यांच्या ध्यानात आलं न्हाय.

तुमच्या दादाला लई आडून विचारलं. आधी म्हणलं, बॅटरी असू द्या की वन्संच्या घरी, अडीनडीला बरी. तर पेन खाली ठेवला अन् माझ्याकडं पोलिसागत बघायला लागले. तुला काय पडलंय बॅटरीचं? तो सूरज कुठला? मी म्हणलं, कागदावर पत्ता सणसरचा हाय की. झालं! सणसर माझं माहेर. आता त्यांचं ठाम मत झालंय की तो माझ्या माहेरचा कुणीतरी हाय, अन् त्यानं माझ्याकडनं शिफारस लावलीय. भावकीतला का, आजोळचा का, दोन दिवस उलटतपासणी चाललीय. चाळीस वर्षं संसार केला, अन् आज मला दलाल ठरवलं.

तरी जेवताना कानाशी जाऊन ओरडून विचारलं, ऊन असलं की सोलर चालतंय ना? तर डाफरले, "सोलर उन्हावरच चालतंय. आणखी कशावर चालतंय?" म्हंजी दिवसाचं तरी काम झालं म्हणायचं. ऊन हाय तवर घोर न्हाय वन्सं.

शपथ मोडा, असं मी कशी म्हणू? पण मोडली तर मला बरं वाटंल.

सरू


शेळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

दादा,

बिलं पाठवतेय. दसऱ्यापास्नं जरा वाढलीत, फ्रीज जुना झालाय त्याच्यामुळं. तू म्हणतोस तसं सूरजचं बघू.

तुझे दाजी म्हणतात, ऊन हाय तर बॅटरीला कशाला भुलायचं, दत्तोबाचं बरोबर हाय.

चंद्रा


कन्हेरी
१६ फेब्रुवारी २०२५

चंद्रा,

फ्रीज? मला काय कालचा पोरगा समजलीस?

मागच्या साली महिन्याला नव्वद युनिट. नोव्हेंबरच्या बिलापास्नं तीनशे तीस. वरचे दोनशे चाळीस, म्हंजी दिवसाला आठ, तासाला तीनशे तेहतीस वॅट. अन् ते एखाद्या महिन्याला न्हाय, दर महिन्याला, एकाच मापानं. तुझ्या घरात कायतरी दिवसरात्र चालतंय, घटकाभर न थांबता. फ्रीज मधनंमधनं थांबतो. हे थांबत न्हाय.

म्हंजी चोरी! तुझ्या मीटरवरनं कुणीतरी वायर ओढलीय. शेजारी कोण हाय सध्या? आपली नोकरी असल्या चोऱ्या धरण्यात गेली. अन् मला तर वाटतंय ह्यात त्या सूरजचाच हात असावा. आधी बिल फुगवायचं, मग मोठं सोलर गळ्यात मारायचं. वायर मोजायला आतल्या खोलीत गेला व्हता म्हणालीस ना? बघ मग.

रविवारी मी येतोय. कुणाला सांगू नकोस, चोर सावध व्हतो. जेवायला काही करत बसू नकोस, पण वांग्याचं भरीत असंल तर असू दे.

दत्तोबा


शेळगाव
२५ फेब्रुवारी

वैनी,

दादा येऊन गेला, ते तुमाला कळलंच असंल. काय झालं ते त्यानं सांगितलं नसंल, कारण त्यालाच कळलं न्हाय.

दादा दारात आला अन् ह्यांनी नळी काढून उशाखाली कोंबली. धोतर सावरलं, बाहेरच्या खोलीत खुर्चीत येऊन बसले, हसत. आत मशीन चालूच राहिलं. केवढा आवाज असतो त्याचा, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जातो. दादा भिंतीला पाठ लावून बसला अन् त्याला काही न्हाय. वैनी, त्याच्या बहिऱ्या कानाचं मला त्या दिवशी बरंबी वाटलं, अन् त्याच्यावर रागबी आला.

मग म्हणाला, मेन पाडतो. मेन बंद करून मीटर बघायचं, बाहेर कुणी ओढत असंल तर मीटर चालूच राहील, ही त्याची रीत. ह्यांना मधीच आत नेऊन नळी लावायची वेळ आली तर? मी म्हणलं नको. का नको? म्हणलं, आत प्रगतीचं बाळ झोपलंय, पंखा हाय. लेक पुण्याला, तिचं बाळ पुण्याला! दादा माझ्याकडं असा बघायला लागला, जशी मीच वायर ओढलीय. अन् गेला अन् पाडला मेन. दहा मिनिटं मीटरपुढं उभा. हे खुर्चीत बसून व्हते. बोटांची नखं काळीनिळी, तरी दादानं वळून बघितलं की हसायचे. मला वाटलं आता पडतात. दादा एकूण दीड तास बसला. भरीत खाल्लं. वाटेला लागला तवा मी ह्यांना धरून आत नेलं, अन् नळी लावल्यावर पहिला शब्द काय बोलावा? "कळलं न्हाय बघ त्याला." जिंकल्यागत!

मी त्या दिवशी शपथ मोडणार व्हते. त्यांनी हात धरला. मी पुन्हा गप्प बसले. माझं चुकतंय का, वैनी?

चंद्रा


कन्हेरी
२८ फेब्रुवारी २०२५

चंद्रा,

मेन पाडल्यावर मीटर थांबलं. म्हंजी बाहेरचा चोर न्हाय. जे हाय ते तुझ्या घरात हाय.

तू खोटं बोललीस. दारात बाळाची चप्पल न्हवती, दोरीवर दुपटं न्हवतं. अन् तुझी भिंत थरथरत व्हती. माझे कान गेलेत, पाठ न्हाय गेली. आत मोटर चालू हाय कसली तरी, अन् मेन पाडला तवा थरथर थांबली. काय चाललंय? पिल्लं उबवायचं मशीन घातलंय का? का असलं काही, जे भावाला सांगायची लाज वाटावी? दाजीबी माझ्याकडं बघून नुसते हसत व्हते, कोऱ्या चेहऱ्यानं. दोन शब्दांवर तिसरा बोलले न्हाईत. पन्नास वर्षांची दोस्ती, अन् मला बाहेरच्या खोलीत बसवून लावलं वाटेला.

असू दे. तुझं घर, तुझी मोटर. मला विचारलंस ते सांगून मोकळा व्हतो. विजयसिंह, तीन किलोवॅट, तांब्याची वायर, तीन अर्थिंग. बॅटरी न्हाय. सूरजला परत दारात उभा करू नकोस. तो अन् तू मिळून माझ्यापास्नं काहीतरी झाकताय, एवढं मला कळतंय.

दत्तोबा


शेळगाव
२४ मार्च २०२५

दादा,

सोलर बसलं. विजयसिंहनं तू सांगितलेलं समदं लिहून दिलं, तसंच केलं. मीटरबी बदललं. तू रागावलास, पत्र न्हाय तुझं. एकदा ये, पॅनेल बघून जा.

आता दिवसाची काळजी मिटली.

चंद्रा


शेळगाव
२१ एप्रिल २०२५

दत्तोबा,

आज तुला 'दादा' लिहीत न्हाय. शपथबिपथ गेली चुलीत.

तुझा दाजी अर्ध्या वर्षापास्नं ऑक्सिजनवर हाय. आमची भिंत थरथरत व्हती म्हणालास ना, ते त्याचं मशीन. तुझे तीनशे तेहतीस वॅट म्हंजी त्याचा श्वास व्हता. तू मेन पाडलास तवा तो तुझ्यासमोर नखं काळी करून हसत व्हता, तुला कळू नये म्हणून. मला बोलू दिलं न्हाय त्यानं. मीबी बोलले न्हाय. वैनीलाबी मीच गप्प बसवलं. आमची चूक हाय. पण तुझीबी ऐक.

सतरा तारखेला दुपारी एकच्या सुमाराला आमची डीपी जळाली, समद्या गावाची लाईट गेली. बाहेर ऊन एवढं की अंगणात पाय ठेववंना. मशीन शिट्टी मारून बंद पडलं, पण मी घाबरले न्हाय. म्हणलं ऊन हाय, आपलं सोलर हाय, आता लागंल. लागलंच न्हाय. गच्चीवर पॅनेल लखलख करतायत अन् खाली इन्व्हर्टरचा डबा मेलेला. मी त्या डब्याला हातानं मारलं, दादा. सिलिंडर अर्ध्यापेक्षा कमी, सोलर आलं म्हणून भरायला पाठवलाच न्हवता. विजयसिंहला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, लाईनीत वीज नसली की हे आपोआप बंद पडतं, ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरनं शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतंय. बॅटरी घेतली असती तर घर चालू राहिलं असतं. तुमच्या भावाला हे माहीत असणार की."

तुला माहीत व्हतं?

युवराजनं भरलेले क्रेट रस्त्यावर फेकून दिले अन् ह्यांना पिकअपमधी घातलं. सिलिंडर वाटेतल्या निमगावापतुर पण पुरला न्हाय. इंदापूरच्या दवाखान्यात चार दिवस व्हते. वाचले. आज घरी आणलं.

वैनीनं तुला विचारलं व्हतं ऊन असताना चालंल का. तू काय उत्तर दिलंस ते आठव.

चंद्रा


कन्हेरी
२३ एप्रिल २०२५

झुंबर,

लग्न झालं तवापास्नं तुला दाजी म्हणतोय. आज म्हणवत न्हाय. आज मला माझा जोडीदार पाहिजे.

चंद्राचं पत्र वाचलं. सरूपुढं ठेवलं. ती म्हणाली, मला फेब्रुवारीपास्नं ठाऊक हाय. अन् कालपास्नं भाकरी वाढती, पण बोलत न्हाय. बरोबर हाय तिचं.

व्हय, मला माहीत व्हतं. सत्त्याण्णव साली मी अन् गेणबा एका खांबावर व्हतो. लाईन बंद करून चढलो व्हतो. खाली कुणीतरी घरचा जनरेटर उलटा जोडला अन् मेलेल्या तारेत वीज आली. गेणबाचा उजवा हात गेला. आता हे नवे इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद पडतात, हे पहिल्यांदा कळलं तवा मी देवाला नारळ फोडला व्हता. ती गोष्ट माझ्या इतकी अंगात मुरलीय, की कुणाला सांगावी लागंल असं वाटलंच न्हाय. ज्याला त्याला हे ठाऊकच असणार असं धरून बसलो. सरूनं विचारलं तवा एक वाक्य सांगितलं असतं तर बास व्हतं. पण मला तिच्या प्रश्नात सूरज दिसला. मी प्रश्न विचारणाऱ्याची झडती घेत बसलो अन् उत्तर दिलंच न्हाय.

तीन कागद घासून बघितले मी. मुंगीची अक्षरं वाचली. अन् त्या पोरानं सरळ मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'घरातली गरज पाहून', तेवढंच मला लबाडी वाटलं. तुझ्या बायकोला दिलेला शब्द राखायला त्यानं हातचं काम सोडलं, अन् मी त्याला चोर म्हणलो. आज सकाळी सणसरला जाऊन आलो. त्याच्या दारात उभा राहून सांगितलं, माझं चुकलं. त्यानं चहा केला. मी घेतला. सरूच्या माहेरच्या माणसांशी त्याचा काही संबंध न्हाय, हेबी विचारून आलो, माझी खोड जाता जात न्हाय.

तो दोन दिवसांत येतोय. आहे त्या सोलरला हात लावायचा न्हाय, मशीनपुरती वेगळी लाईन अन् तिला बॅटरी. नऊ तास चालंल म्हणतो. पैशाचा शब्द काढलास तर मी कन्हेरीतनं येऊन भांडीन.

आता तुझ्यावर राग. लेका, तुला वाटलं मी तुझा दम मोजायला येतो? रेषेवर नाचायचो ते तू चार गडी मारून आलास म्हणून न्हाय. तू माघारी आलास म्हणून नाचायचो. दर वेळी वाटायचं, आता धरला ह्याला. त्या रविवारी मी तुझ्यासमोर दीड तास बसलो, भरीत खाल्लं, अन् तू मरत व्हतास. माझ्या पाठीला भिंत सांगत व्हती. मला झोप न्हाय, झुंबर.

दत्तोबा


शेळगाव
४ मे २०२५

दत्तोबा,

मी पत्र लिहायचा माणूस न्हाय. अक्षर गोड मानून घे. चंद्रा लिहून देते म्हणाली, पण म्हणलं हे माझं मीच लिहीन.

सूरज येऊन गेला. दिवसभर राबला. बॅटरी कपाटाएवढी असंल असं वाटलं व्हतं, तर पेटीएवढीच हाय. ह्या खेपेला चहा घेतला त्यानं, दोन कप. तू लाल शाईनं रंगवलेले तिन्ही कागद चंद्रानं त्याला दाखवले. लई हसला. म्हणाला, काकांनी वायरचं अन् अर्थिंगचं बरोबर पकडलंय, त्यांना माझ्याकडं कामाला पाठवा.

तू रात्री झोपत न्हाईस असं वैनीनं कळवलंय. मी झोपतो आता. परवा चार तास लाईट न्हवती. मशीन चालूच. मला कळलंबी न्हाय, पंखा थांबला तवा कळलं. चंद्रा उठून दोनदा बघून आली, मग माझ्याजवळ बसून रडली. पदरानं वारा घालायला लागली, सवयीनं.

तुझं सगळं खरं. माझा ताठा नडला. तुझ्यापुढं मला तोच गडी राहायचं व्हतं. तू रेषेवर नाचायचास ते का, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. आधी सांगितलं असतंस तर नळी लावून तुझ्यासमोर बसलो असतो. तूबी झाकलंसच की.

आता एक काम कर. रविवारी ये, वैनीला घेऊन ये. बाहेरच्या खोलीत न्हाय, आतल्या खोलीत बसायचं. मशीनला पाठ लाव, म्हंजी तुला कळत राहील. मी नळी लावून तुझ्यासमोर खुर्चीत बसतो.

अन् मग उठ, अन् तुझ्या हातानं मेन पाड.

झुंबर